आरसा खाली ठेवायचा नाही

१२ फेब्रुवारी, दुकानातून, दुपारी

ती. ताईस,
नमस्कार. इकडे सगळं ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, पण दुकान चालू आहे. लोकांना स्वतःचं तोंड बघायची हौस आहे तोवर आरसेवालीला मरण नाही. तुझा खोकला कसा आहे? चार वर्षांनी माझं अक्षर बघून पत्र फाडू नकोस. आधी पूर्ण वाच, मग खुशाल फाड.

डोंगरावरच्या देवीच्या आरशाचं काम माझ्याकडे आलं होतं. जुन्याचा पारा उडालेला. पुजारीकाका म्हणाले, "देवीला अर्धंच दिसतं गं." मी काच कापायच्या हिरकणीने नवी काच कापली, जुन्याच चौकटीत बसवली आणि उत्सवाच्या सकाळी स्वतः वर घेऊन गेले. धुकं असं की पुढची बाई चढता चढता नाहीशी व्हायची आणि तिच्या बांगड्या तेवढ्या ऐकू यायच्या. आपण दोघी पांघरुणात डोकं खुपसून बोलायचो ना, अगदी तसं वाटत होतं.

आईची गोष्ट आठवते? दोघी बहिणी देवी, एका फणीवरून भांडल्या. थोरली तरातरा उठून समोरच्या डोंगरावर गेली, धाकटी इथेच तिच्याकडे पाठ करून बसली, ती अजून तशीच. आपल्या डोंगरावर सांगतात, चूक थोरलीची. तिकडे म्हणे उलटं सांगतात. म्हणून वर्षातून एकदा देवळाची मागची खिडकी उघडतात आणि धाकटीपुढे आरसा धरतात. मान न वळवता तिला थोरलीचा डोंगर दिसतो. देवीचासुद्धा ताठा बघ केवढा!

काका म्हणाले, "आरसा बहीण हयात असलेल्या बाईनेच धरायचा. तुला आहे ना बहीण?"

दुकानात कोणी विचारलं तर मी 'एकटीच' म्हणते. तिथे 'आहे' म्हणाले. माझा मलाच आवाज ओळखू येईना.

नियम एवढाच, की समोरच्या डोंगरावरूनही आरसा दाखवतात. त्याची तिरीप आली की मगच आपला खाली ठेवायचा. आणि खिडकीत तर नुसतं पांढरं! हात भरून आले. "काका, जरा टेकवू का?" "अजिबात नाही." बाया ओव्या म्हणत होत्या, पण आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखा. उभ्या उभ्या माझा डोळा लागला की काय कोण जाणे. त्या पांढऱ्यात मला आईची खोली दिसायला लागली. खाट, औषधांची बशी, अर्धवट उघडं दार.

ताई, आता ऐक. तुला बोलावू नको, असं आई कधीच म्हणाली नव्हती. ते माझं बोलणं होतं.

शेवटचे तीन दिवस ती एकच विचारत होती, "थोरली निघाली का?" मी म्हणायचे, "निघाली, पोचतेच आहे." आणि तुला फोनच केला नव्हता. बारा वर्षं तिचं सगळं मी केलं गं, आणि तिचे डोळे सारखे दाराकडे, तुझ्यासाठी. माझा जळफळाट झाला. वाटलं, हे तीन दिवस तरी माझ्या एकटीचे असू देत. मग ती गेली. तू दारात येऊन विचारलंस, "मला का नाही कळवलंस?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आईच नको म्हणाली." तू पाण्याचा घोटही न घेता मागे फिरलीस. मी तुला हाक मारायला हवी होती. मारली नाही.

दुपारी धुकं विरलं आणि समोर लख्खकन चमकलं. बायांनी जयजयकार केला. मी ढसाढसा रडले आणि आरसा खाली ठेवला.

उतरताना काकांना म्हटलं, "समोरच्यांनी ताटकळत ठेवलं हो आज!"

ते हसले. "समोर कोण आहे आता? ते देऊळ ओस पडून वीस वर्षं झाली. खालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उन्हात चमकतं. पण बाई, हात खाली घ्यायला काही निमित्त नको का?"

रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. कारण आईचंही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात पाऊल वाजलं. शेजारीण होती, पातेलं परत द्यायला आलेली. आईने विचारलं, "आली?" मी म्हटलं, "आली." ती हसली. मग पुन्हा काही विचारलं नाही.

ते हसू तुझं होतं. चार वर्षं मी दाबून ठेवलं, आज परत करते. माफी मागायला तोंड नाही, मागतही नाही. देवीचं झाकणावर भागतंय, भागू दे. माझं नाही भागत. शिव्या दे, पण तू दे, तुझ्या अक्षरात. तोवर मी हात खाली घेणार नाही.

तुझ्याकडे तोंड करून बसलेली,
धाकटी