भैयाजींच्या घरावरचा पत्रा

रोहणा,
३० मे २०२५

नागसेनदादास जय भीम.

आई बरी आहे. खोकला कमी झाला, बीपीची गोळी वेळेवर घेते. माझी सिंदीची शाळा अजून उघडायची आहे, तोवर मी इथंच आहे. वहिनी आणि मुलं मजेत असतील. पत्राची सुरुवात अशी करायची असते म्हणून एवढं लिहिलं. फोन तू उचलत नाहीस, उचललास तर गिऱ्हाईक आहे म्हणून ठेवून देतोस. तेव्हा हे पत्र तुझ्याच टेम्पोतून, तुझ्याच ड्रायव्हरच्या, हरिदासच्या हाती पाठवते आहे. तू छपरासाठी पाठवलेले पत्रेही त्याच टेम्पोतून परत येत आहेत. सगळेच.

माल उत्तम आहे, त्यात मी खोट काढणार नाही. दुकानात पत्रा दाखवताना तू कोपऱ्यावर अंगठा दाबतोस ना, तसा मीही दाबून पाहिला. जराही दबला नाही. सोबत हूक आहेत, रबराचे वायसर आहेत, खाली टाकायला लोखंडी पाइपसुद्धा आहेत. म्हणजे माणसाच्या डोक्यावर काय घालावं हे तुला नीट कळतं. गावात काही लोक अजून म्हणत होते की नागसेनला मालातलं कळलं नसेल, व्यापाऱ्यानं फसवलं असेल. त्यांना आता मला काही समजवावं लागणार नाही.

हरिदासनं दोरखंड सोडायच्या आधी मला बाजूला बोलावून तुझा निरोप सांगितला. बिचारा टायरकडे बघत बोलत होता. आईच्या आणि शेजारच्या रामबाईच्या, दोन्ही घरांवर तू फुकट छप्पर टाकून देतोस, मजूरही तुझेच. आईनं फक्त ठाण्यात बयान देताना वादळ फार मोठं होतं एवढंच म्हणायचं. असला निरोप पगारी माणसाच्या तोंडी देताना तुला काहीच वाटलं नाही. आर्वीहून इथं यायला असा किती वेळ लागतो, दादा?

वादळ मोठं होतंच. आमच्याकडचं कडुनिंबाचं झाड पडलं. गावातल्या शाळेवरचा पत्रा मात्र जागेवर आहे, हेही बघून जा कधी.

मागच्या वर्षी तू आईच्या घरावरचे मातीचे कवेलू काढलेस आणि निळा पत्रा टाकलास. माकडं कवेलू फोडतात, दरवर्षी पावसाआधी माणूस लावून ते उतरवून पुन्हा फेरावे लागतात, हे खरंच होतं. मी सिंदीला होते, फोटो पाहून खूश झाले, शाळेतल्या बायांना दाखवला. छप्पर झाल्यावर सगळे बघायला आले. शेजारच्या भैयाजींनी महिनाभरात तुझ्याकडूनच तसाच पत्रा नेला. हूक कशाला, वर दगड ठेवा, असं तू त्यांना सांगितलंस. आईच्या घरावरही दगडच ठेवले होतेस. इकडे निम्म्या घरांवर दगड असतात, त्यामुळे त्यात कोणाला वावगं वाटलं नाही. भैयाजी नाल्यातून चपटे चपटे दगड निवडून आणत होते आणि आई त्यांना चहा करून देत होती.

पुढचं मी लिहिणार नव्हते. पण तू वादळ वादळ करतोस म्हणून लिहिते. आपल्या घराला भैयाजींच्या घराचा आडोसा आहे, त्यांच्या घरापुढे मात्र उघडं शेत. वारा सरळ त्यांच्यावर आला. पत्रा कागदासारखा फाटत वर गेला आणि दगड आत आले. भैयाजी जेवायला बसले होते. सेवाग्रामच्या दवाखान्यात ते वाचले नाहीत. तू अंत्ययात्रेला आलास, खांदा दिलास, सगळ्यांना जय भीम केलास आणि जाताना फडक्यानं गाडीची काच पुसलीस. ती काच मी विसरणार नाही.

भैयाजींच्या जलदानाच्या कार्यक्रमाला आला नाहीस. तिथं काय झालं ते तुला चार जणांनी चार प्रकारे सांगितलं असेल. माझ्याकडून एकदा नीट ऐक.

वंदना झाली, मग रीतीप्रमाणे एकेक जण उठून भैयाजींना आदरांजली वाहू लागला. कोणी त्यांचा स्वभाव सांगितला, कोणी त्यांनी विहार बांधताना केलेलं श्रमदान. आई आयुष्यात कधी सभेत बोललेली नाही. ती उठली तेव्हा मला वाटलं पाणी प्यायला चालली. ती फोटोजवळ गेली, हात जोडले आणि लोकांकडे वळली.

"भैयाजीनं मले इचारलं होतं, पत्रा कसा हाये," ती म्हणाली. "मी म्हनलं, चांगला हाये. तो चांगला नोहता. कोन्या गोदामवाल्यानं वापस केलेला हलका माल होता. नागसेननं मले सांगितलं होतं, आई, कोनाले बोलू नको. मी नाई बोलली. पोराचं दुकान नवं नवं चालून राह्यलं होतं."

 भैयाजींचा मुलगा धम्मदीप मांडवातून उठून बाहेर गेला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं ठाण्यात तक्रार दिली. त्याच्या आईनं, रामबाईनं, आपल्या आईकडे पाहिलंही नाही.

तुझ्याच आईच्या घरावर तू वापस आलेला माल टाकलास, नागसेन. दुसऱ्याचं सोड. ती झोपते त्या खाटेच्या वर. आणि तिला गप्प बसायला लावलंस. तिनं एका शब्दानं भैयाजींना सावध केलं असतं, तो शब्द तू तिच्या तोंडातून काढून घेतलास. मी तिच्यावर फार ओरडले. अजूनही मधूनच ओरडते. पण तुझ्याबद्दल मला जे वाटतं ते राग या शब्दात बसत नाही. मला तुझी किळस आली आहे.

आईनं आपल्या घरावरचा पत्रा उतरवला. जुने कवेलू मागच्या भिंतीला लावून ठेवले होते, एका घरापुरतेच चांगले निघाले. ते तिनं रामबाईच्या घरावर चढवायला लावले. आमच्यावर सध्या ताडपत्री आहे. पहिल्या दिवशी रामबाई घरात दार लावून बसून होती. दुसऱ्या दिवशी बाहेर आली, आईच्या शेजारी उभी राहिली आणि एकेक कवेलू उचलून वर देऊ लागली. दोघी अजून बोलत नाहीत. तुझा टेम्पो आल्यावर तेवढं ती बोलली, तेही हरिदासला: "त्याचा पत्रा माह्या डोक्यावर नोको." आई म्हणाली, माझ्याही नको. पाऊस लागायच्या आत आमच्या छपराचं काय करायचं ते आम्ही बघू.

सोमवारी आईचं बयान आहे. काल मला राहवलं नाही. पोटचा पोरगा जेलात गेला तर तू जगशील का, वादळ होतं एवढंच म्हण, असं मी तिला म्हटलं. तुझ्यासाठी म्हटलं नाही, तिच्यासाठी म्हटलं. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्याचं नाव मीच ठेवलं होतं, मेघा. आता ते मीच सांगीन."

आम्ही सकाळच्या बसनं येतो. बस तुझ्या दुकानासमोर थांबते. शटर लावून आत बसू नकोस. ठाण्यात जायच्या आधी आईला तुला एकदा पाहायचं आहे. मला नाही.

भैयाजींच्या शेजारची,
मेघा