तेहतीसवरून चाळीस

१२ जाने. ९७, तळेगाव

धोटे सर सकाळीच घरी. अकरावीत मला फिजिक्समध्ये नापास करणारे ते हेच. दिवाळीत मी नागपूरहून जुना कॉम्प्युटर आणला, तेव्हापासून आठवड्यातून तीनदा येतात, वहिनीच्या हातचा चहा पितात आणि माझ्याच खुर्चीत बसतात. राग येतो. पण गावात त्या डब्यातलं दुसऱ्या कोणाला काही कळत नाही. मलाही नाहीच.

काम पटाचं. १८ आणि १९ ला बैलांच्या शर्यती. मागच्या वर्षी वेळ घ्यायला स्टॉपवॉच होतं. ते दाबणाऱ्याचा अंगठा कोणाच्या बाजूचा, यावरून दोन डोकी फुटली, एकाचं मनगट गेलं. म्हणून कमिटीने सरांना गाठलं. सर म्हणाले, "मशीनले कोनाचा बैल कोनता हे मालूम नसते." सगळ्यांना पटलं. मशीन माझं, म्हणून मांडवात मलाही खुर्ची.

१५ जाने.

सरांचा प्रोग्राम तयार. धावपट्टीच्या सुरुवातीला एक दोरी, शेवटी एक, दोन्हींच्या वायरी कॉम्प्युटरच्या मागे. जोडीने पहिली दोरी तोडली की प्रोग्राम आतल्या आत एक, दोन, तीन असं मोजायला लागतो, हजारोंनी, दुसरी तुटेपर्यंत. कॉम्प्युटरमधलं घड्याळ सेकंदाचा अठरावा भागच दाखवतं, पटाला ते जाड पडतं, म्हणून हा खटाटोप. एका सेकंदात असे किती आकडे होतात हे सरांनी स्टॉपवॉच लावून दिवसभर बसवलं. तो एक आकडा सापडल्यावर पोरासारखे हसले.

मला निम्मं समजलं. बैलवाल्याचं नाव स्क्रीनवर यायला वेळ लागतो, हे मात्र डोक्यात बसलं. मशीन मंद आहे. माझं मशीन.

१८ जाने.

पहिला दिवस. धूळ, जनरेटर, माणूसच माणूस. सगळं सुरळीत. सगळ्यात चांगली वेळ ६.४२ सेकंद, सातच्या वर कोणीच नाही.

नामदेवकाकांची जोडी उद्या. काका आमच्या दुकानामागच्या गल्लीतले. उजवीकडचा पांढरा सोन्या त्यांनी वासरू असल्यापासून हाताने वाढवलेला. बाकीचे लोक बैल हाकायच्या काठीला, तुतारीला, खिळा लावतात. काकांची तुतारी नुसती काठी. "त्याले टोचाचं काम नाई. म्या जीभ टाळूले लावली का पयते तो."

मांडवात एक जण मोठ्याने म्हणाला, "सुरेशभाऊ, तुमचं डबडं नाव लिवते तवरक बैल घरी जाते." सगळे हसले. त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. सर पण हसले. संध्याकाळी कॉम्प्युटर घरी आणला, धूळ पुसली.

१९ जाने., सकाळी ७

कॉम्प्युटरच्या मासिकात प्रश्नोत्तर आहे: नवशिक्याने प्रोसेसरचा वेग बदलावा का? उत्तर पानभर. सार इतकंच की मशीन तापेल, अडकेल, कदाचित जळेल. धीर असेल तर करा. धीर आहे. पेचकसने डबा उघडला. बोर्डावर प्लास्टिकची इवलीशी टोपी असते, जंपर म्हणतात. ती ३३ वरून काढून ४० वर बसवली. नखाने निघेना, वहिनीचा चिमटा घेतला.

चालू झालं! हात लावून पाहिला, फारसं गरम नाही. तपासायला गाडीचा खेळ लावला. गाडी अशी सुटली की वळणच सापडेना, दोनदा आपटली. आणि नाव चटकन येतं. सरांना सांगत नाही. मांडवात बघतीलच.

२० जाने.

कालचा दिवस. क्रमाने लिहितो.

पहिली जोडी ७.८०. सर म्हणाले, असेल. दुसरी जवळजवळ आठ. पाचव्या जोडीपर्यंत लोक ओरडायला लागले. कोणी मनगटावरचं घड्याळ दाखवत होता, सर म्हणाले त्यावर पट मोजत नाहीत. स्क्रीनवर आकडा मोठा दिसला की पुढचा धुरकरी, जोडी हाकणारा, आणखी जोराने टोचायचा. बैलांच्या पुठ्ठ्यांवरून रक्ताचे ओघळ, त्यावर धूळ बसून चिखल. एका बैलाची शेपटी दाताने चावलेली पाहिली.

नामदेवकाका पहिल्या फेरीत ७.६१. काका स्क्रीनपाशी आले, आकडा बघत उभे राहिले. मग शेजारच्याच्या हातून खिळ्याची तुतारी घेतली. दुसऱ्या फेरीत तेच काका सोन्याला खिळा घुसवत होते, उपसून पुन्हा घुसवत होते, आणि रडत होते. मी स्वतः पाहिलं. शेवटची दोरी तोडून सोन्या पुढच्या पायांवर कोसळला. हाड कातडीबाहेर. स्क्रीनवर ७.५८.

मग कोणीतरी ओरडलं, "मास्तरनं पैसे खाल्ले!" पहिल्या दिवशीच्या जोडीवाल्याकडून, असं. मांडवाचे बांबू उपटले. सर हात पसरून कॉम्प्युटरच्या पुढे उभे राहिले. "मशीन खोटं नाई बोलत! एक डाव माह्यं आयका!" पहिला बांबू खांद्यावर बसला. मी सीपीयूचा डबा वायरींसकट उपटला, छातीशी धरला आणि मांडवामागून पळालो. सर मागून ओरडत होते. मला बोलावत होते की मशीन वाचव म्हणत होते, कळलं नाही. वळून पाहिलं तेव्हा ते खाली पडलेले होते, वर लाथा, चपला, तुताऱ्या. कोणाची तुतारी डोळ्यात गेली ते कोणीच सांगत नाही.

सरांना वर्ध्याला नेलं. सोन्याला गुरांच्या डॉक्टरने जागेवरच मरणाची सुई दिली. काका त्याचं डोकं मांडीवर घेऊन...

२२ जाने.

सीपीयू शाबूत आहे का पाहायला लावला. खेळ चालू केला. गाडी सुसाट. बघत बसलो, मग खेळ बंद करून कागद घेतला.

खेळ म्हणजेही प्रोग्रामच. मशीन जलद झालं की आतलं मोजणंही जलद. तेवढ्याच सेकंदात आकडे जास्त, आणि सरांचा प्रोग्राम जास्त आकड्यांना जास्त वेळ धरतो. बैल मंद नव्हते. कागदावर गणित केलं, तीनदा: ३३ म्हणजे खरं तेहतीस आणि एक तृतीयांश, म्हणजे ४० वर मशीनचे सहा तिथे खरे पाच. ७.५८ म्हणजे खरे ६.३२. आणि पहिल्या फेरीतले ७.६१ म्हणजे ६.३४. काका पहिल्याच फेरीत सगळ्यांच्या, पहिल्या दिवशीच्या ६.४२ च्याही, पुढे होते. दुसरी फेरी पळायची गरजच नव्हती.

जंपर परत ३३ वर बसवला. खेळाची फ्लॉपी उखळात घालून कुटली. वहिनी म्हणाली, "काय झालं बाप्पा तुमाले?"

२३ जाने.

दादाला सांगितलं, दुकानाच्या मागच्या खोलीत. सगळं ऐकून घेतलं आणि कानाखाली अशी दिली की अजून कान वाजतो. मग शटर खाली ओढलं.

"अजून कोनाले सांगतलं?"

"कोनालेच नाई."

"सांगूही नको. सांगतलं तं सरचा डोळा वापस येनार हाय काय? तुहा जाईन. दुकान जाळतीन ते येगळंच." दारातून वळून पुन्हा म्हणाला, "येत नाई तं हात काऊन लावतं बे?"

९ फेब्रु.

सर घरी आले. डावा डोळा काढला, दोन बरगड्यांना तडे. संत्री घेऊन गेलो. पहिला प्रश्न: "मशीन बरं हाय ना रे?"

हो म्हटलं.

"तू घेऊन पयला म्हनून वाचलं. नाई तं चूक शोधाले काही राह्यलंच नसतं. माह्यीच असन कुठीतरी प्रोग्राममधी." सरांच्या बायकोने मला जेवायला बसवलं, वर आग्रह. दोन घास खाल्ले, ते बाहेर येऊन नालीत ओकलो.

३ मार्च

टपरीवर एक जण म्हणाला, मास्तरने डोळा विकून पैसा कमावला. मी हातातला चहाचा ग्लास त्याच्या तोंडावर फोडला. खाली पाडून छातीवर बसलो आणि मारत सुटलो. चौघांनी ओढलं तरी हात थांबेना. त्याचे समोरचे दोन दात गेले, माझ्या मुठीत काच. दादाने हातापाया पडून मिटवलं.

आता गावात माझं कौतुक चाललंय, सुरेशने गुरूसाठी मारामारी केली म्हणून. एका वाक्यात त्याचं तोंड बंद झालं असतं. ते वाक्य तेवढं सोडून बाकी सगळं केलं. स्वतःची लाज वाटते, आणि कौतुक ऐकायला दुकानात बसतोही.

१५ जून

सरांनी तपासायला मशीन मागितलं, नेऊन दिलं. दिवसभर हाताने दोऱ्या तोडत, स्टॉपवॉच लावून बसले. दरवेळी बरोबर येतं. मला वाटलं खूश होतील. भिंतीला टेकून खाली बसले.

"बराबर येऊन राह्यलं रे. मंग त्या दिवशी बैल खरंच हळू पयले काय? नामदेवचा सोन्या हळू पयला?"

आत्ता सांगावं असं वाटलं. तोंड उघडलंही. "सर, चहा सांगू का" असं काहीतरी निघालं. मशीन घेऊन परत आलो.

२४ ऑगस्ट

आता दर रविवारी सरांकडे. प्रोग्रामचा सगळा कागद छापून घेतलाय, लांबच लांब. एका डोळ्याला बारीक अक्षर पुरत नाही, म्हणून मी ओळ ओळ वाचतो. ते डोळा मिटून ऐकतात, चूक शोधतात. शेवट आला की पुन्हा पहिल्यापासून.

आज नामदेवकाका दारात. आत आले नाहीत. "सर, कोनाचे पैसे घेतले तेवढं सांगा. म्या काही करत नाई. फक्त सांगा."

"नाई घेतले, नामदेवभाऊ."

काका माझ्याकडे पण बघून राहिले. वाटलं यांनी मला धरून आपटावं एकदा. अंगणात थुंकले आणि गेले. सर म्हणाले, "वाच." मी वाचलं.

७ डिसें.

सरांनी ओसरीत कॉम्प्युटरचा क्लास काढलाय. मी रविवारी मदतीला. आज एका मुलीने विचारलं, "सर, नवीन मानसानं प्रोसेसरची स्पीड बदलावी का?" माझे कान तापले.

सर म्हणाले, "बदला ना. हात लावल्याबिगर कोन शिकलं? पन पयले जुनं काय होतं ते लिहून ठेवा. आन् त्या मशीनवर ज्याचं काम चालू हाय, त्याले सांगा." सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं.

क्लास सुटल्यावर कागद काढला. सेकंदाच्या आकड्याची ओळ आली. आजवर वीसदा तरी वाचली असेल. सरांनी डोळा उघडला.

"थांब. परत वाच."

वाचली. कागद माझ्या हातातून घेतला, डोळ्यापाशी धरला.

"हा आकडा म्या तुह्या मशीनच्या स्पीडवर बसवला होता ना रे?"

"हो सर." पुढची वाचू का विचारलं. नको म्हणाले. कागदाची घडी स्वतः घातली. मला सोडायला फाटकापर्यंत आले. कधी येत नाहीत.

"उद्या सकाळी मशीन घेऊन येजो. आन् पेचकस."

८ डिसें., सकाळी ६

जंपर ३३ वरच आहे. उघडलं तरी काही दिसणार नाही. दादा म्हणतो, मले काय मालूम, एवढंच म्हनजो, बाकी तोंड बंद.

सीपीयू चादरीत गुंडाळला. पेचकस पिशवीत टाकला. ही वही टाकली, काढली, पुन्हा टाकली. माझं अक्षर बारीक, सरांना वाचता यायचं नाही. मलाच वाचून दाखवावी लागेल.