चिंचेखालची रेघ

भिलाई, सेक्टर ६

प्रेमानंदमामांना भाची संघमित्राचा जय भीम. तुमचा गुडघा आणि त्यावरून मामीला आलेला राग, दोन्ही उतरले असतील असं धरून चालते. (डॉक्टरचं ऐका. रेल्वेत पस्तीस वर्षं काढली म्हणून गुडघ्याला पास मिळत नाही.) आम्ही बरे आहोत.

मागच्या आठवड्यात आठवीला इंग्रजांचे जंगल कायदे शिकवत होते. आदिवासींचं जंगल एका कागदानं सरकारी कसं झालं, हे पुस्तकातून पोरांच्या डोक्यात शिरेना. म्हणून मैदानातल्या चिंचेभोवती फक्कीची पांढरी रेघ मारली. अर्धे साहेब, अर्धे आदिवासी; चिंचा वेचायला परवाना. साहेब झालेली पोरं इतकी रंगली की घंटा झाली तरी हलेनात. तेवढ्यात आमचे हेडमास्तर पंजाबराव सर तिकडून आले आणि गुड्डूनं त्यांनाच अडवून परवाना मागितला. मला वाटलं, गेली माझी नोकरी (अजून पक्की व्हायची आहे). पण सर खूश! "लय मस्त करून राहिल्या तुम्ही, मॅडम. शिस्त पायजेच. राहू द्या लाइन." दुसऱ्या दिवशी तिथं पाटी लागली: विनापरवाना प्रवेश बंद. शिपाई रोज सकाळी रेघ ताजी करतो.

पोरं चिंचांवाचून जगतील. पण शाळेत झाडू-पोछा करणाऱ्या गिरजाबाई (त्या गोंड आहेत) बारा वर्षं दुपारचा डबा त्याच सावलीत खात आल्या. आता नळापाशी उन्हात बसतात. काल त्यांनी विचारलं, "मैडम, ये लकीर कब मिटही?" मी म्हटलं, धडा संपला की. धडा तर शुक्रवारीच संपला. आजीला विहिरीपासून किती लांब उभं राहावं लागे, ते तुम्ही मला लहानपणी सांगितलं होतं. रेघ मारताना ते आठवलं नाही, काल आठवलं. स्वतःची लाज वाटली. तरी सरांकडे गेले नाही.

तुमची,
संघमित्रा

ता. क. : पत्र खरं तर यासाठी. रेघ पुसावी असा एक अर्ज तुमच्या सहीनं शाळेला पाठवा. माझं नाव त्यात कुठं यायला नको.

ता. क. २ : अर्ज राहू द्या. आज गिरजाबाईंनी पोछ्याची बादली रेघेवर ओतली आणि चिंचेखाली बसून डबा उघडला. सरांनी येऊन विचारलं, रेघ कोणी पुसली? आठवीच्या एकेचाळीस पोरांनी हात वर केले, साहेब झालेल्यांनीसुद्धा. माझा तेवढा खाली होता. मामीला सांगाल तेव्हा बेचाळीस सांगा.