हातातला नारळ

रविवार, सांगली

सुटले एकदाची. आजही पडले असते तर स्टँड-अप सोडायचं, हे मनाशी पक्कं केलं होतं. त्यात आयोजकांनी कार्यक्रमाआधीच माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, आणि वर निवेदक म्हणतो, "लहानपणी सिनेमात मरून सगळ्यांना रडवणारी हीच ती मुलगी." झालं, माणसं दुखवट्याला आल्यासारखी बसली. यांना आता हसवायचं कसं? नारळ ठेवायला टेबलही नव्हतं, तो हातात धरूनच बोलत राहिले. पहिले तीन विनोद पडले. मग नारळाकडे बघत म्हटलं, "माणसाचा सत्कार मेल्यावरच होतो म्हणतात. तुम्ही तर त्यातही वीस वर्षं उशीर केलात." मागे कुणीतरी फुटलं, मग सगळेच.

पण समोर उंब्रजची आत्या डोळ्यांना पदर लावून बसलेली. तो सिनेमा लागला की ती अशीच बसते. नीट पाहिलं, तर खांदे हसून हलत होते.

खाली उतरून नारळ तिच्याच हातात दिला. म्हणाली, "त्या शिनेमात मेलीस तवापास्नं तू दिसलीस की काळजात धस्स व्हायचं बघ. आज न्हाई झालं."