वादळवीर : पुन्हा अंक पहिला

४ फेब्रुवारी, सकाळी १०
नक्की झालं. ‘वादळवीर’ची चित्रकथा-मालिका ४१२ व्या अंकावर संपणार आणि त्यानंतर पुन्हा अंक १. प्रकाशनाच्या मालकांनी मला जिन्यात थांबवून स्वतः सांगितलं, म्हणजे अफवा नव्हे. नवे वाचक हवेत. जुने आता फक्त चुका काढायला अंक घेतात, असं मालकांचं म्हणणं.

नवा पहिला अंक मीच लिहायचा. सव्वीस वर्षं मीच लिहितोय. अट एकच : ज्यानं आजवर एकही अंक वाचलेला नाही अशा माणसाला तो वाचायला द्यायचा. कळला तर मालिका माझ्याकडे. नाही कळला तर चित्रकारबाईंच्या ओळखीत एक लेखक आहे म्हणे. मुदत २८ तारखेची.

बावीस पानं, चोवीस दिवस. शेवटचे दोन दिवस आराम.

संकल्प : तळटीप एकही नाही. चौकटीच्या कोपऱ्यात तारा काढून ‘पाहा : अंक अमुक’ लिहायची पद्धत माझीच. पण थोडी वाढली, हे खरं. मागच्या अंकात वादळवीर नुसता शिंकला, त्यालाही टीप होती. (पाहा : अंक १८८, बर्फाच्या ग्रहावरची सर्दी.)

५ फेब्रुवारी
टेबल खिडकीपाशी नेलं. उजेड चांगला. दुपारी परत भिंतीपाशी आणलं, खिडकीतून रस्ता दिसतो.

पहिलं वाक्य झालं : ‘वादळवीर परत आला.’ मग शंका आली. परत म्हणजे कुठून? तो गेला होता हे नव्या वाचकाला कसं कळणार? गेला होता, हे सांगायला पाव पान. का गेला, याला अर्धं. चार वेळा उठलो, चार वेळा बसलो. सुरुवात दमदार आहे.

९ फेब्रुवारी
पान नऊ. वादळवीर अजून जमिनीवर. चित्रकारबाईंचा फोन, की हा उडणार कधी. मी म्हटलं, तो का उडतो ते आधी कळायला हवं. त्या म्हणाल्या, उडताना दिसला की लोक का म्हणून विचारत नाहीत, मान वर करतात. मी शांतपणे ऐकून घेतलं. चित्रं काढणाऱ्यांना कथा समजत नाही. फोन ठेवल्यावर खोलीत वीसेक फेऱ्या मारल्या.

१२ फेब्रुवारी
नवा वाचक शोधतोय. दाढ दाखवायला गेलो तेव्हा दंतवैद्यालाच विचारलं. तो म्हणाला, लहानपणी वाचायचो, पण वादळवीर मेला ना? मला खुलासा करायचा होता (मेला, तीनदा), पण तोंडात आरसा होता.

वरच्या मजल्यावर नव्या भाडेकरीण बाई आल्यात. त्यांनी वादळवीरचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं. इतका आनंद झाला की दारातच पार्श्वभूमी सांगितली. चाळीस मिनिटं. त्यामुळे आता त्या नव्या राहिल्या नाहीत. चूक माझी नव्हे, त्यांनीच विचारलं होतं. काय काम होतं, असं.

बायको म्हणाली, जरा घरातही बघा की. मी म्हटलं, वाचक शोधतोय, चष्मा नव्हे. ती कप उचलून आत गेली.

१७ फेब्रुवारी
‘आतापर्यंत काय घडलं’ या नावाचं एक पान सुरुवातीला घातलं. ते सहा पानं झालं. तेव्हा सुचलं : अंक १ च्या आधी अंक ०! लगेच मालकांना फोन. त्यांनी मला तेच दोनदा सांगायला लावलं, म्हणजे पटलंय. मग म्हणाले, शून्याच्या आधी काय काढणार आहात? मी म्हटलं, आराखडा तयार आहे. फोन कट झाला. लाइन खराब असावी.

२२ फेब्रुवारी
संवादांच्या फुग्यांत अक्षरं लिहिणारे काका पानं बघून गेले. म्हणाले, सगळे फुगे बसवल्यावर वादळवीरचा फक्त डावा बूट दिसतो. बूट झकास आलाय मात्र.

तळटिपा : एक. ती टीप नव्हे, खुलासा आहे.

२५ फेब्रुवारी
खुलासे : सदतीस. एकाच चौकटीत चार तारे झाल्यावर काकांनी विचारलं, हे आकाश आहे का?

२७ फेब्रुवारी
वाचक मालकांनीच शोधला. कोण ते सांगत नाहीत. उद्या अकराला ऑफिसात. मी निर्धास्त आहे. टेबल पुन्हा खिडकीपाशी नेलं.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी
खोलीत शिरलो तर खुर्चीवर बायको. मी विचारलं, मी छत्री विसरलो का? मालक म्हणाले, याच वाचक. मी हसलो. बाकी कुणी हसलं नाही.

दर महिन्याची पहिली प्रत मी तिच्याच हातात देतो. ती म्हणते, या वेळचा छान झालाय. आज मालकांसमोर तिनं सांगितलं : लग्नानंतर यांनी पहिल्यांदा दिला तो अंक ११२. पहिल्याच पानावर चार तारे. मी मागचे अंक मागितले, तर म्हणाले, थांब, मीच सांगतो. ते सांगणं अजून चालू आहे, वाचायचं राहूनच गेलं.

मग तिनं माझी पानं वाचली. चौथ्या पानावर चष्मा काढला. एकच प्रश्न विचारला, की हा माणूस कोण? हा म्हणजे वादळवीर.

चित्रकारबाईंनी दुसरा गठ्ठा पुढे केला. नुसती चित्रं, शब्द नाहीत. त्यात तो पहिल्याच पानावर उडतो. बायकोनं बावीसही पानं बघितली. एकदा हसली. शेवटचं पान उलटून मागे काही आहे का ते पाहिलं.

निकाल : चित्रं राहणार. शब्द माझे, पण पानाला आठच. पुढच्या अंकापुरती मालिका माझ्याकडे, त्यानंतर बाई म्हणतील तसं. बाई म्हणजे माझी बायको.

घरी येताना तिनं विचारलं, शेवटच्या चित्रात तो छपरावर एकटाच का बसलाय हो? सकाळचा सोडला, तर लग्नाच्या पंचवीस वर्षांत वादळवीरबद्दल तिचा हा पहिला प्रश्न. उत्तर अंक १९६ पासून सुरू होतं. अंक २०३ पर्यंत आलो आणि वळून पाहिलं, तर ती शेजारी नव्हती. मागे चपलांच्या दुकानात थांबली होती. केव्हापासून, कळलं नाही.

१ मार्च, सकाळी ७
दुसऱ्या अंकाचं पहिलं पान सोमवारी द्यायचंय, आधी तिला, मग मालकांना. चहा पिताना ती म्हणाली, आटपा लवकर, तो छपरावरून उतरतो का ते बघायचंय मला.

संकल्प : तळटीप नाही. या वेळी खरंच.

लिहिलं : ‘तो अजून छपरावरच होता.’ चार शब्द. चार उरतात. ‘पाहा : अंक १९६’ यात तीनच लागतात.

सोमवारी ती वाचेल.