बोथट कात्री

३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला तेल लावतोस की नुसताच कण्हतोस, ते कळव.

इकडे ह्यांचं विसरणं वाढलंय. अडतीस वर्षं सार्वजनिक बागेत माळीकाम केलं, प्रत्येक काप अंकुराच्या बोटभर वर आणि तिरका. आता अंकुर कुठे असतो तेच आठवत नाही, कापणं तेवढं सुटत नाही. सोमवारी गुलाब जमिनीसरसे केले, मंगळवारी जास्वंद, काल दोरीवरची चादर. आज मी अडवायला गेले तर छाटणीची कात्री माझ्या गळ्याशी आणली आणि म्हणाले की बागेत शिरायची परवानगी तुम्हाला कोणी दिली.

डॉक्टर म्हणतात, संस्थेत ठेवा. सत्तेचाळीस वर्षांचा संसार मी कोणाच्या दारात टाकून येणार नाही. तू जन्मभर चाकू-कात्र्यांना धार लावलीस, काहीतरी सुचव.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी ताई

८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मला विचारलंस याचं बरं वाटलं. माझी अक्कल गुडघ्यात, असं तूच सांगत आलीस, आणि आता तोही दुखतो.

कात्री लपवू नकोस, शोधताना भावोजी घर उलथंपालथं करतील. पातं दगडावर उभं धर आणि वीसदा घास. कात्री हातात राहील, कापलं काही जाणार नाही. बोथट करायचा सल्ला आयुष्यात पहिल्यांदाच देतोय.

संस्थेचा विचार मात्र सोडू नकोस. न्यायला मी येईन, नुसता शब्द टाक.

आहे तसाच लोभ ठेव.
तुझा धाकटा

२१ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

डाव्या हाताने लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

तू सांगितलंस तसं केलं. हत्यार बिघडवणं हा कारागिराचा अपमान, हे तुला आणि मला तरी कळायला हवं होतं. तीन दिवस ह्यांनी शेवंतीच्या फांद्या नुसत्या चिरडल्या. चौथ्या दिवशी पात्यावरून बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि कात्रीच्या मुठीने माझं मनगट फोडलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मग केस धरून हौदाच्या कठड्यावर आपटलं.

हाताला पाण्याची भरलेली झारी लागली. ती मी ह्यांच्या कपाळावर घातली. हे कोसळले. तिथे थांबायला हवं होतं. खाली पडलेल्या माणसाला मी आणखी तीनदा मारलं आणि, तुझ्याशी खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. तीन वर्षं पुसलं, भरवलं, शिव्या खाल्ल्या, ते सगळं त्या झारीत होतं.

ह्यांना अकरा टाके पडले. आता बागेचं नावही काढत नाहीत. रोज सकाळी पट्टी चाचपून विचारतात, कोणी मारलं. मी सांगते, पडलात. मग माझं प्लास्टर बघून मलाही जपून चालायला सांगतात.

काल ह्यांच्या हातून दूध सांडलं. माझा धड हात आपसूक वर गेला. ह्यांनी डोळे घट्ट मिटले आणि मान खाली घातली.

शब्द टाकतेय. मिळेल त्या गाडीने ये आणि ह्यांना माझ्यापासून घेऊन जा.

तरीही तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
ताई