डांबरची गुलाबी पिल्लं

५ मार्च

डांबर सशीण व्याली. सात पिल्लं. पाच सावळी, दोन गुलाबी!

खोका उघडला तेव्हा आधी वाटलं, त्या दोघांना आजार आहे. डांबरने छातीची लोकर उपटून त्यांच्यावर घातलेली. मुकादम आला, वाकून बघितलं आणि माझ्याकडे वळला. काळ्याचं पिल्लू जन्मतःच सावळं असतं, पांढऱ्याचं गुलाबी, हे इथे झाडू मारणाऱ्यालाही कळतं. डांबर काळीकुट्ट. नर दिला होता कोळसा, तोही काळाकुट्ट. मग पांढरी कुठून आली?

"साहेबाचा पिंजरा कुणी उघडा ठेवला होता?"

साहेब म्हणजे पलीकडच्या रांगेतला पांढरा नर. लाल डोळ्यांचा, दांडगा. मी म्हणालो, मी नाही. कडी मी स्वतः लावतो, वर हात फिरवून बघतो. मुकादम म्हणाला, "मग काय वाऱ्याने पिल्लं झाली?"

सगळी शेड हसली.

६ मार्च

मला माद्यांच्या कामावरून काढलं. आता लेंड्या ओढायच्या. फावडं आणि ढकलगाडी.

लेंड्यांचं काही नाही. पण कडी लावली होती! मला माझा हात आठवतो कडीवर. हे कुणाला कसं दाखवू? लावली होती हे फक्त मला माहीत, आणि मी तर आरोपी.

रेडिओ माझ्या खोलीत राहतो, तोंड बंद होत नाही म्हणून रेडिओ. म्हणतो, "कबूल करून टाक ना. दोन दिवस ओरडेल आणि विसरेल." मी म्हणालो, न केलेलं कसं कबूल करू? तर म्हणतो, "मग ओढ लेंड्या."

मुकादम डांबरला बाटलेली म्हणतो. आमचा व्यापारी फक्त काळी पिल्लं घेतो. पिल्लं दुधावरून सुटी झाली की तिलाही काढणार म्हणे.

९ मार्च

घरी फोन केला. व्हिडिओवर बायकोने बाळ दाखवलं. बसायला लागली आता, लोळत लोळत पुढे येते, फोन तोंडात घालायला बघते. आणि ते डोळे. घारे. मांजरीसारखे.

जन्मली तेव्हा आई म्हणाली होती, बदलतील. लहान मुलांचे बदलतात. नाही बदलले.

आई फोन घेऊन बाजूला गेली आणि हळू आवाजात — "लोक विचारतात रे. आपल्यात सात पिढ्यांत कुणी घारं नाही. सूनबाई म्हणते, तिचा स्वतःचा मामा घारा आहे. पण ती स्वतः काळ्या डोळ्यांची, तू काळ्या डोळ्यांचा. मग?"

मी विषय बदलला. पण नंतर हिच्याकडे फोन आला तेव्हा विचारलंच. हसत हसत विचारलं, पण विचारलं — "डोळे कुणाचे गं आणलेस?"

तिने बाळाला कडेवर घेतलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि फोन बंद केला.

१० मार्च

फोन केला नाही.

११ मार्च

तिनेही नाही.

१३ मार्च

आज डॉक्टरीणबाई आल्या. ससे तपासायला येतात, पायात रबरी बूट, खिशात कायम गाजराचे तुकडे. मुकादमाने त्यांना माझी चहाडी सांगितली, मी तिथेच फावडं घेऊन उभा! बाईंनी डांबर मांडीवर घेतली, कान चोळले आणि विचारलं, "हिची आई कोणती? कोळशाची?"

मुकादमाला सांगता येईना. विकत आणलेले ससे, त्यांचे आईबाप कुणाला ठाऊक.

मग बाई म्हणाल्या, "या मुलाने कडी लावली असेलही."

मला वाटलं आत्ता पाया पडावं.

मग त्यांनी समजावलं. मला कळलं तसं लिहितो. प्रत्येक सशाला रंगाचे दोन हुकूम मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. काळा हुकूम वरचढ. तो एक जरी असला तरी ससा काळाच. जोडीला पांढरा असला तर तो दबून राहतो. पण दबतो म्हणजे मरत नाही! आत असतोच. पिल्लू होताना आई दोनांतला एक देते, बापही एकच देतो. कुणी कोणता द्यायचा ते नशीब. दोघांनीही नेमका दबलेला दिला तर काळ्या घरात पांढरं पिल्लू. पुस्तकात याला प्रभावी आणि अप्रभावी म्हणतात. मी वरचढ आणि दबका म्हणणार.

मी विचारलं, "म्हणजे चारात एक पांढरं?"

"सरासरीने. चौथं पांढरंच असं नाही. सगळी काळी होतील, नाहीतर तीन पांढरी होतील."

मुकादम म्हणाला, "बाई, हे आम्ही मानायचं कसं?"

"डांबर-कोळसा पुन्हा लावा. पिंजऱ्याला तुमचं कुलूप घाला आणि किल्ली तुमच्याच खिशात ठेवा."

त्या बुटांवर पाणी ओतत होत्या तेव्हा मी जवळ गेलो. विचारलं, माणसाचंही असंच का? डोळ्यांचं? त्यांनी नळ बंद केला. म्हणाल्या, माणसाच्या डोळ्यांचं इतकं सोपं नसतं, त्यात बरेच हुकूम मिसळतात. "पण काळ्या डोळ्यांच्या आईबापाला घारं मूल होतं. सर्रास होतं. कुणाचं झालंय?"

मी म्हणालो, ओळखीतल्या एकाचं.

"त्याला सांग, गप्प बस म्हणावं."

१४ मार्च

फोन केला. धावत सुटल्यासारखं सगळं सांगितलं. डांबर, कोळसा, हुकूम, कुलूप. मला वाटलं, खूश होईल.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुम्ही कडी लावली होती. हो ना?"

"हो!"

"कुणी बघितलं?"

"कुणी नाही. पण मी सांगतोय ना."

"मीही सांगत होते. तुम्हाला सशाचं पटलं, माझं नाही."

आणि मग म्हणाली, बाळ झोपलंय, ठेवते.

दिवसभर लेंड्या ओढल्या. रेडिओ काही विचारायला आला, त्याच्यावरच खेकसलो.

१६ मार्च

डांबरला कोळशाच्या पिंजऱ्यात नेलं. मादीला नराकडे न्यायचं, उलट केलं तर मादी आपली जागा राखायला चावते. मग परत तिच्या पिंजऱ्यात आणली आणि मुकादमाने दाराला कुलूप ठोकलं. केवढं कुलूप! रेडिओ म्हणाला, "मुकादम, ससा आहे, दरोडेखोर नाही." मुकादमही हसला, आज पहिल्यांदा. आता रोज किल्ली घेऊन तोच येणार, चारा-पाणी त्याच्यासमोर.

२३ मार्च

लाद्यांवर खडूने आखून बघतो. काळा-काळा. काळा-पांढरा. पांढरा-काळा. पांढरा-पांढरा. पाण्याचा पाइप सोडला की सगळं वाहून जातं, मग परत आखतो.

आज एक गोष्ट डोक्यात आली आणि फावडं हातातच राहिलं. दबका हुकूम दोन्हीकडून यावा लागतो! एकटा तिचा मामा पुरत नाही. अर्धं माझ्याकडूनही आलं असणार. म्हणजे माझ्यात आहे. मग मला कुणी दिलं?

आईला फोन केला. ती चिडली. "सशाबरोबर राहून सशाची अक्कल आली तुला. आमच्या माहेरी कुणी नाही." मग बाबांकडे? आई म्हणाली, "त्यांच्याकडचं मला काय माहीत? सासूबाई मी बघितल्याच नाहीत."

खरंय. बाबा लहान असतानाच आजी वारली. घरात तिचा फोटोसुद्धा नाही.

म्हणालो, बाबांना दे. आईने हाक मारली, मी सगळं परत पहिल्यापासून सांगितलं. दबका मरत नाही, आत राहतो, दोन्हीकडून यावा लागतो. बाबा हूं हूं करत होते. मग हूं थांबलं. आईचा आवाज आला — "अहो, फोन टाकून कुठे निघालात?"

२ एप्रिल

डांबर व्यायच्या आधी बायकोशी बोलायचं होतं, म्हणून फोन केला. नंतर बोललो असतो तर ती म्हणाली असती, ससा सुटला म्हणून मीही सुटले. आणि बरोबरच म्हणाली असती.

म्हणालो, "या खेपेला सगळी काळी झाली तरी माझं काही नाही. पोर माझीच आहे. मी विचारायला नको होतं."

मागून बाळाचा आवाज, ताटली आपटल्याचा.

मग म्हणाली, "तिला दात आलाय. खालचा. बघायचाय?"

१४ एप्रिल

पोट मोठं झालं तशी डांबर पुन्हा लोकर उपटायला लागली होती. सकाळी कुलूप उघडलं मुकादमानेच. खोक्यात हात घातला, लोकर बाजूला केली आणि तसाच वाकून राहिला.

सहा. पाच सावळी, एक गुलाबी!

मुकादमाने कुलूप खिशात टाकलं. जाताना म्हणाला, "उद्यापासून माद्यांकडे ये. आणि हिला काढायचं नाही, व्यापाऱ्याशी मी बोलतो." एवढंच. रेडिओ साहेबाच्या पिंजऱ्यासमोर हात जोडून उभा राहिला — "माफ करा साहेब, उगाच तुमचं नाव खराब झालं."

पिल्लाचा फोटो काढून घरी पाठवला. खाली काही लिहिलं नाही.

१६ एप्रिल

आज बाबांचा फोन आला. आजवर त्यांनी स्वतःहून कधी केला नव्हता. बाहेरून बोलत होते, मागे गाड्यांचे आवाज.

म्हणाले, आजी मेली नव्हती. बाबांच्या पाठीवर एक बहीण झाली होती, घारी. आजोबांनी आजीला तिच्यासकट घराबाहेर काढलं. बाबांना ठेवून घेतलं, त्यांचे डोळे काळे म्हणून. आणि सांगून टाकलं, आई मेली. मोठे झाल्यावर त्यांना कळलं होतं. तरी ते कधी शोधायला गेले नाहीत. घारी पोर परक्याची, हे आजोबांचं म्हणणं त्यांनाही खरं वाटायचं.



मग त्यांनी विचारलं, "त्या पिंजऱ्याचं कुलूप... नक्की लागलेलं होतं ना रे?"

"हो बाबा. किल्ली मुकादमाच्या खिशात होती."

"परत एकदा सांग," म्हणाले.